बफेलोमध्ये एक कुटुंब वसवताना

अमेरिकेत निर्वासितांना वसवण्याचे काम १९८० च्या निर्वासित कायद्यापासून सरकारने नेमलेल्या मोजक्या राष्ट्रीय संस्था आणि त्यांच्या गावोगावच्या शाखा करत आल्या आहेत. जानेवारी २०२३ मध्ये बायडन सरकारने ‘वेलकम कोअर’ ही योजना सुरू केली आणि हेच काम सामान्य नागरिकांच्या गटांनाही करता येईल असे जाहीर केले. गटात किमान पाच प्रौढ माणसे हवीत, ती सगळी अमेरिकेची नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि एकमेकांच्या आसपास राहणारी हवीत, येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे किमान २,३७५ डॉलर गटाने उभे करावेत आणि कुटुंब विमानतळावर उतरल्यापासून पहिले ९० दिवस त्याची जबाबदारी घ्यावी, अशा अटी होत्या. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकावरील बफेलो शहरात आमच्या गटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कांगोमधील सात जणांच्या एका कुटुंबाला अशा रीतीने वसवले. त्या कामाचा आणि त्या निमित्ताने समजलेल्या या शहराच्या व्यवहाराचा हा वृत्तांत आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

आमचा गट ठरवून जमवलेला नव्हता. मी आणि माझे पती शहराबाहेरच्या अ‍ॅम्हर्स्ट उपनगरात राहतो. इथल्या बहुतेक मराठी कुटुंबांप्रमाणे आम्हीही विद्यापीठ आणि नोकरी यांच्या निमित्ताने आलो आणि बरीच वर्षे मूळ शहरात फारसे पाऊलही न टाकता राहिलो. गटात चीक्टोवागा येथील एक निवृत्त शिक्षिका होत्या, ज्यांचे आजोबा पोलंडमधून येऊन इथल्या रेल्वेच्या कारखान्यात लागले होते. ब्रॉडवे भागात किराणा दुकान चालवणारे एक बांगलादेशी गृहस्थ आणि एक परिचारिकाही होती. सहावे होते ते कंपालात जन्मलेले एक गोवेकर, ज्यांना आम्ही सगळे अंकल म्हणतो. इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली, तेव्हा ते शाळेत होते. त्यांचे कुटुंब कॅनडात गेले आणि पुढे नोकरीसाठी ते नायगारा नदी ओलांडून बफेलोला आले. कोंकणीच्या खालोखाल त्यांना स्वाहिली येत होती, आणि गटाच्या दृष्टीने ही गोष्ट पैशांपेक्षाही मोलाची ठरली.

अर्जाच्या टप्प्यावर फार अडले नाही. प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली गेली, सगळ्यांनी आचारसंहितेवर सह्या केल्या, ऑनलाइन प्रशिक्षण झाले. त्यानंतर ‘स्वागत आराखडा’ लिहून द्यायचा होता: घर कुठे मिळेल, भाडे किती, शाळा कोणती, दवाखाना कोणता, दुभाषी कोण, नोकरी कुठे लागू शकेल. सात जणांसाठी १६,६२५ डॉलर जमवायचे होते, ते वर्गणीतून आणि शिक्षिकाबाईंच्या चर्चमधून जमले. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींनीही सढळ हाताने दिले. काहींनी मात्र, आपण व्हिसाच्या रांगेत वीस वर्षे काढतो आणि या लोकांना थेट विमानाचे तिकीट मिळते, असेही ऐकवले. हा गैरसमज व्यापक आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. निर्वासित म्हणून अमेरिकेत येणाऱ्या माणसाची आधी बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाकडे नोंद होते, मग पुनर्वसन केंद्र त्याची फाइल तयार करते, अमेरिकी अधिकारी समक्ष मुलाखत घेतात, अनेक खात्यांकडून सुरक्षेची तपासणी होते आणि वैद्यकीय तपासणी होते. यातल्या एखाद्या तपासणीची मुदत दुसरी पूर्ण होण्याआधी संपली, तर ती पुन्हा करावी लागते. आमच्या कुटुंबाने टांझानियातील न्यारुगुसू छावणीत इतकी वर्षे काढली होती की चारही मुलांचा जन्म तिथलाच होता. आणि विमानाचे तिकीट फुकट नसते. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना ते बिनव्याजी कर्जावर देते, प्रौढ व्यक्ती निघण्यापूर्वीच परतफेडीच्या कागदावर सही करतात आणि अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच हप्ते सुरू होतात. सात तिकिटांचे कर्ज डोक्यावर घेऊनच हे कुटुंब बफेलोत उतरणार होते.

घर शोधायला लागल्यावर मला हे शहर पहिल्यांदा नीट दिसू लागले. १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला आणि त्याच्या पश्चिम टोकाला असलेले हे गाव धान्याच्या व्यापारावर वाढले. ईरी सरोवराच्या काठावरची धान्याची अवाढव्य कोठारे आजही उभी आहेत, त्यांतली बहुतेक रिकामी. मागोमाग रेल्वे आली, पोलाद आले, आणि कामासाठी आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन असे लोकांचे लोंढे आले. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,८०,१३२ होती. १९५९ मध्ये सरोवरांतून थेट समुद्रात नेणारा सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि जहाजांना बफेलोत थांबण्याचे कारण उरले नाही. शेजारच्या लॅकवाना गावातील बेथलेहेम कंपनीचा पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा डिसेंबर १९८२ मध्ये झाली. २०१० पर्यंत शहरात २,६१,३१० माणसे उरली, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

मी गिरणगावात वाढले. लॅकवानाच्या कारखान्याची घोषणा झाली त्याच वर्षी, जानेवारीत, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला होता. म्हणून या दोन ठिकाणांची तुलना मनात आल्यावाचून राहिली नाही. मुंबईत गिरण्या गेल्या आणि त्यांच्याखालची जमीन सोन्याच्या भावाची झाली. आमच्या चाळीतली माणसे बदलापूरकडे किंवा गावाकडे गेली, आणि त्या जागी नव्याने आलेल्या गरीब माणसाला पाय ठेवण्याचीही सोय राहिली नाही. बफेलोत कारखाने गेल्यावर जमिनीला आणि घरांना किंमतच उरली नाही. शहराने हजारो रिकामी घरे स्वतःच्या खर्चाने पाडली, कर थकलेली घरे लिलावात नगण्य भावाने विकली. निर्वासितांना हे शहर परवडले ते या पडझडीमुळे. इथली परोपकाराची परंपराही खरी आहे. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१८ पासून नवागतांसाठी काम करते. पण परंपरेने घराचे भाडे कमी होत नाही, रिकाम्या घरांनी होते.

शहराचा पश्चिम भाग आधी इटालियन लोकांचा होता, नंतर तिथे पोर्तो रिकोचे लोक आले, आणि या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रह्मदेशातील कारेन, भूतानमधून हाकललेले नेपाळी भाषक, सोमाली, इराकी, कांगोली अशी भर पडत गेली. ग्रँट स्ट्रीटवरची बंद पडलेली दुकाने या मंडळींनी पुन्हा उघडली. पूर्व भागात न्यूयॉर्क शहरातून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी लिलावातली घरे घेऊन दुरुस्त केली, आणि पोलिश लोकांनी बांधलेल्या काही चर्चांमध्ये आता मशिदी आहेत. आमच्या गटातील शिक्षिकाबाईंचा बाप्तिस्मा झालेल्या चर्चचेही तसेच झाले आहे. त्यांना वाईट वाटते का, असे कोणीतरी विचारले, तेव्हा छप्पर गळत नाही हे पाहून बरे वाटते, असे त्या म्हणाल्या. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,७८,३४९ भरली. सत्तर वर्षांत प्रथमच वाढ झाली होती आणि तिचे मोठे श्रेय या नवागतांना दिले गेले.

या यशाची दुसरी बाजू घर शोधताना आमच्या वाट्याला आली. पश्चिम भाग पुन्हा नांदता झाल्यामुळे तिथली भाडी वाढली होती, आणि ज्यांनी तो नांदता केला त्यांच्या मागून येणाऱ्यांना आता तिथे जागा मिळणे अवघड झाले होते. शिवाय निर्वासिताकडे ना पूर्वीच्या भाड्याचा दाखला, ना पगाराची पावती, ना बँकेतील पत. कुटुंब अजून आफ्रिकेतच असताना त्याच्यासाठी घर धरून ठेवायला बहुतेक घरमालक तयार नव्हते. अखेर एका कारेन गृहस्थांनी होकार दिला. ते स्वतः थायलंडमधील छावणीतून येऊन कारखान्यात राबले होते आणि साठवलेल्या पैशांतून त्यांनी एक ‘डबल’ घेतले होते. एकावर एक अशी दोन बिऱ्हाडे असलेल्या लाकडी घराला इथे डबल म्हणतात, आणि शहराचे जुने भाग अशा घरांनीच भरलेले आहेत. वरचे तीन शयनगृहांचे बिऱ्हाड १,४०० डॉलर भाड्याने ठरले. घर शंभर वर्षांहून जुने होते. १९७८ पूर्वीच्या घरांसाठी शिशाच्या रंगाविषयीचा जो छापील जाहीरनामा करारासोबत द्यावा लागतो, त्यात ‘मालकाला माहिती नाही’ या चौकटीत खूण केलेली होती. असे जाहीरनामे जवळजवळ सगळे तसेच भरलेले असतात, असे परिचारिकेने तेव्हाच सांगितले होते.

घरात काय काय हवे याची सरकारी यादी असते आणि ती वाचण्यासारखी आहे. माणशी एक खुर्ची, माणशी एक ताट-वाटी-चमचा, माणशी एक टॉवेल, प्रत्येक खाटेला चादरी आणि पांघरूण, भांडी, सुरी, डबे उघडण्याचे उपकरण, झाडू, कचऱ्याच्या पिशव्या, गजराचे घड्याळ. वस्तू नव्या नसल्या तरी चालतात, पण चांगल्या स्थितीत हव्यात. पहिल्यांदा वाचताना ही यादी मला कोरडी वाटली, पण सामान जमवू लागल्यावर तिचा उपयोग कळला. यादी नसती तर दानशूर माणसांनी दिलेल्या शोभेच्या वस्तूंनी घर भरले असते आणि सातवी खुर्ची कोणाच्या लक्षात राहिली नसती. कुटुंब पोहोचताच त्यांच्या सवयीचे गरम जेवण तयार असावे, असाही नियम आहे. अंकलनी राजमा, भात, कोंबडीचा रस्सा, मक्याच्या पिठाची उगाली आणि चपात्या असा बेत सांगितला. चपाती पूर्व आफ्रिकेत भारतीयांबरोबर गेली आणि आता ती तिथलीच झाली आहे. त्या माझ्याकडून करून घेतल्या गेल्या आणि कुटुंबातील आजींनी त्या जाड असायला हव्या होत्या असे मत दिले.

कुटुंब रात्री उतरले. अंगावर छावणीतून मिळालेले कपडे, आईच्या गळ्यात स्थलांतर संघटनेचे ओळखचिन्ह छापलेली पांढरी पिशवी आणि त्यात सगळ्या कुटुंबाची कागदपत्रे. ही पिशवी कोणाच्याही हाती द्यायची नाही असे त्यांना इतके बजावलेले असते की नव्या घरात पोहोचल्यावरही आईने ती बराच वेळ गळ्यातून काढली नाही. आम्ही थंडीचे कोट विमानतळावरच घेऊन गेलो होतो. बफेलोच्या हिमवादळांची कीर्ती कांगोली मंडळींच्या फोनवरून छावणीपर्यंत पोहोचलेली होती, त्यामुळे बर्फापेक्षा त्यांना नवल वाटले ते भिंतीवरच्या कळीने घर ऊबदार होते याचे आणि नंतर त्या गॅसच्या बिलाचे.

पुढचे ९० दिवस म्हणजे कार्यालयांची मालिका होती. सोशल सिक्युरिटी कार्ड, अन्नसाहाय्य, मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, काउंटीची म्हणजे जिल्ह्याची रोख मदत, बँकेचे खाते, मुलांचे लसीकरण, तीस दिवसांच्या आत शाळाप्रवेश. प्रत्येक ठिकाणी नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे लागते, आणि छावणीतल्या नोंदींमध्ये मुलांची आडनावे वेगवेगळी होती. कांगोत प्रत्येक मुलाला स्वतंत्र नाव देण्याची पद्धत आहे, पण इथल्या कारकुनाला मात्र ही मुले एकाच आईबापांची आहेत हे पटवावे लागते. अंकलची स्वाहिली कंपालाच्या बाजारातली, कुटुंबाची पूर्व कांगोतील दक्षिण किवू प्रांताची, त्यामुळे रोजचे बोलणे सुरळीत होई, पण आजार आणि कायदा यांचे विषय निघाले की आम्ही दूरध्वनीवरच्या प्रशिक्षित दुभाष्याचा आग्रह धरत असू. दवाखान्यांना तो पुरवावाच लागतो. पण मागितल्याशिवाय तो क्वचितच मिळतो आणि थोरल्या मुलीला पुढे करून काम भागवण्याकडे सगळ्यांचा कल असतो. आईच्या शरीराविषयीचे प्रश्न सतरा वर्षांच्या मुलीने विचारायचे, हे आम्ही होऊ दिले नाही.

त्या मुलीला नवागतांसाठी असलेल्या लाफायेत इंटरनॅशनल हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला. न्यूयॉर्क राज्यात एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेत शिकण्याचा हक्क आहे, म्हणून सतराव्या वर्षी नववीत बसण्याची लाज बाळगू नकोस, असे शिक्षिकाबाईंनी तिला सांगितले. ती लाजली नाहीच, उलट दोन महिन्यांत कार्यालयांची पत्रे तीच आधी वाचू लागली.

नोकरीचा प्रश्न अधिक कठीण होता. सगळी पुनर्वसन योजना ‘लवकर स्वावलंबन’ या एका तत्त्वावर उभी आहे: कुटुंबाने तीन महिन्यांत स्वतःचे भाडे स्वतः भरू लागावे. पहिली नोकरी योग्य असण्यापेक्षा लवकर असणे महत्त्वाचे मानले जाते. वडील टांगानिका सरोवरावर मासेमारी करत असत. त्यांना एका उपनगरातील कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात दुपारपाळी मिळाली. तिथे रुग्णालयांच्या चादरी येतात. काम लागले त्या दिवशी आमच्या गटात सगळ्यांना हायसे वाटले, कारण आराखड्यातील तो रकाना भरला होता. अडचण पाळी सुटण्याच्या वेळेची होती. शहराचे कारखाने जेव्हा शहरात होते, तेव्हा कामगार पायी जात असे. आता घरे शहरात आणि कामे उपनगरांत, आणि रात्री त्या बाजूची बस नाही. मेन स्ट्रीटला धरून धावणारी इथली एकमेव मेट्रो दहा किलोमीटरच्या आसपास जाते आणि उपनगरांत न शिरता शहराच्या हद्दीपाशीच संपते. सुरुवातीला आम्ही आळीपाळीने आणायला जात होतो. नंतर एका कांगोली सहकाऱ्याच्या गाडीत आठवड्याचे पैसे देऊन जागा मिळाली. भाडे, गॅस, गाडीतली जागा, विमानाच्या कर्जाचा हप्ता आणि फोन इतके वजा जाता पगारातून उरत होते ते सात माणसांना पुरणारे नव्हते, आणि पगार सुरू होताच रोख मदत कमी झाली होती. कागदावर कुटुंब स्वावलंबी झाले होते. निर्वासितांमुळे शहर सावरते आहे असे भाषणांतून ऐकले की मला ही जमाखर्चाची वही आठवते. कर भरणारी आणि रिकामी घरे भाड्याने घेणारी माणसे शहराला हवी आहेत, पण त्यांना रात्री घरी आणणारी बस चालवण्याची त्याची तयारी नाही.

रविवारी वडील नायगारा नदीच्या काठी ब्रॉडरिक पार्कमध्ये गळ टाकून बसू लागले. याच ठिकाणाहून गुलामगिरीतून पळालेले लोक एकेकाळी नदी ओलांडून कॅनडात जात. आता तिथे ब्रह्मी, कांगोली, पोर्तो रिकन असे सगळे मासे धरताना दिसतात. मासा मिळाला की तो घरी शिजणार हे गृहीतच होते. पण या नदीत आणि सरोवरात जुन्या कारखान्यांची रसायने उतरलेली आहेत आणि कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा, मुलांनी आणि तरुण स्त्रियांनी कोणता टाळावा, याची राज्याच्या आरोग्य खात्याची सूचनापत्रके आहेत. पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे सांगण्याचे काम अंकलनी केले. ते ऐकून वडिलांनी, मग लोक इथे इतकी वर्षे कसे राहिले, असा साधा प्रश्न केला.

याच प्रश्नाचे दुसरे रूप घरात निघाले. धाकटा मुलगा दोन वर्षांचा होत होता. निर्वासित मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी आल्याबरोबर होते आणि लहान मुलांची काही महिन्यांनी पुन्हा करावी अशी शिफारस आहे. या दुसऱ्या तपासणीमागे एक दुर्दैवी इतिहास आहे. २००० मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे, तेही बंद पडलेल्या कापडगिरण्यांचेच शहर, सुदानी निर्वासित कुटुंबातील दोन वर्षांची मुलगी अमेरिकेत येऊन काही आठवडे होतात न होतात तोच जुन्या घरातील शिशाच्या विषबाधेने दगावली. छावणीतील कुपोषणामुळे रक्तात लोह कमी असलेली मुले शिसे अधिक शोषून घेतात, म्हणून हा धोका त्यांना विशेष असतो. आमच्या बाळाची पहिली तपासणी चांगली आली होती. दुसरीत आकडा डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या दुपटीवर गेला होता.

काउंटीच्या आरोग्य विभागाचा निरीक्षक हातात धरण्याचे यंत्र घेऊन आला आणि त्याने खोल्याखोल्यांतून भिंती, दारे, खिडक्या तपासल्या. वरचा रंग नवा होता, पण खिडकीची चौकट वर-खाली सरकताना खालचे जुने थर घासून त्यांची धूळ खिडकीच्या फळीवर पडत होती. रस्त्यावरची वर्दळ पाहायला बाळ नेमके तिथेच उभे राहत असे. मालकाला दुरुस्तीची नोटीस गेली. त्यांच्याकडे पैसे नव्हते, हेही खरे होते. त्यांनी ते घर घेतले तेव्हा ते मोडकळीला आले होते आणि छप्पर, घर तापवण्याची भट्टी, नळ यांत सगळी पुंजी गेली होती. शंभर वर्षांत कामगार, घरमालक, बँका अशा अनेकांनी त्या घराचा उपभोग घेतला, आणि चौकटीतल्या शिशाचा खर्च अखेर एका निर्वासिताकडून वसूल होऊन दुसऱ्याच्या मुलाच्या रक्तात उतरला. मला या सगळ्या कामात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटली. स्वस्त घराची किंमत कोणीतरी भरतच असते.

दुरुस्तीच्या अनुदानाची व्यवस्था आहे, पण तिला वेळ लागतो. मधल्या काळात कुटुंबाने मागच्या खोल्यांत झोपावे, रस्त्याकडच्या खिडक्या उघडू नयेत आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी, असे ठरले. परिचारिकेने बाळाला लोहयुक्त आहार कसा द्यायचा हे आईला समजावले आणि त्यात राजम्याचे नाव आल्यावर आजी खूश झाल्या. हे काम सुरू असतानाच ९० दिवस संपले. योजनेच्या कागदांनुसार आमची जबाबदारी तिथे पूर्ण झाली. शेवटचा अहवाल भरताना घर, नोकरी, शाळा, दवाखाना या सगळ्या प्रश्नांसमोर ‘होय’ लिहिता आले आणि त्यातले एकही उत्तर खोटे नव्हते. अंकलनी त्या अहवालावर सही करताना एवढेच म्हटले की ९० दिवसांत देश सोडता येतो हे त्यांनी पाहिले आहे, नव्या देशात रुजता येते हे मात्र अजून पाहिलेले नाही.

उन्हाळ्यानंतर खिडक्या बदलल्या गेल्या आणि बाळाचा आकडा हळूहळू खाली येऊ लागला. आईने एका हॉटेलात सकाळचे काम धरले. दरम्यान योजनेत निर्वासिताचे नाव सुचवून प्रायोजक होण्याचीही सोय झाली होती, म्हणून न्यारुगुसूमध्ये राहिलेल्या आजींच्या दुसऱ्या मुलीसाठी आणि तिच्या मुलांसाठी आम्ही नवा अर्ज केला. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी पदावर येताच निर्वासितांचा प्रवेश थांबवण्याच्या आदेशावर सही केली आणि पाठोपाठ ही योजनाही बंद झाली. अर्ज नाकारला गेला असे पत्र कोणालाच आले नाही. जमवलेले पैसे देणगीदारांना परत करावेत की आधीच्या कुटुंबासाठी वापरावेत, यावर गटात मतभेद झाले आणि शेवटी प्रत्येक देणगीदाराला विचारून निर्णय घेतला. बहुतेकांनी ते वापरायला सांगितले.

निर्वासिताला एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रीन कार्डासाठी अर्ज करावा लागतो. तो आम्ही वेळेवर भरून घेतला. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ग्रीन कार्ड नसलेल्या निर्वासितांचा सरकारी अन्नसाहाय्यावरचा हक्क काढून घेतला, आणि नोव्हेंबरमध्ये आधीच्या सरकारच्या काळात आलेल्या निर्वासितांची प्रकरणे पुन्हा तपासण्याचा आणि तोवर त्यांची ग्रीन कार्डे रोखून धरण्याचा आदेश निघाला. म्हणजे ज्या कार्डामुळे अन्नसाहाय्य टिकले असते तेच कार्ड अडवले गेले. पुन्हा मुलाखतीला बोलावले गेले तर छावणीतल्या नोंदी आणि इथले अर्ज यांत तफावत राहू नये, म्हणून आम्ही मुलांच्या वेगवेगळ्या आडनावांचा खुलासा एका वकिलाकडून लेखी करून घेतला आहे. उरलेल्या देणग्यांतून किराण्यासाठी दरमहा काही रक्कम देतो, आणि गटातले बांगलादेशी गृहस्थ तांदूळ व पीठ घाऊक भावाने देतात.

भाडेकराराचे नूतनीकरण करताना मालकांनी खिडक्यांच्या खर्चाचे कारण सांगून भाडे १५० डॉलरने वाढवायचे म्हटले. पूर्व भागात याहून स्वस्त घर मिळेल, असे आम्ही सुचवले. आईने ते घर किती जुने आहे आणि त्याच्या खिडक्या कोणी तपासल्या आहेत का, असे थोरल्या मुलीकरवी विचारले. तपासलेल्या नव्हत्या. घासाघीस होऊन वाढ ९० डॉलरवर आली आणि कुटुंबाने त्याच घराच्या करारावर सही केली.